न घासलेली नाणी

माझे वडील वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात एका बँकेत रोखपाल होते. नव्या नाण्यांची सीलबंद थैली आली की ते ती टेबलावर ओतायचे आणि मोजता मोजता एखादं नाणं बोटानं बाजूला सरकवायचे. त्याच्या जागी खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं टाकायचे आणि बाजूचं रुमालात बांधून घरी आणायचे. मग आमच्या घरात एकच टेबलखुर्ची होती, तिच्यावर बसून ते नाणं पातळ कागदात गुंडाळायचे आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. आम्हाला हात लावायला मनाई होती. बघायचं तर कडेनं धरून बघायचं.

नाणेसंग्रहाचे इंग्रजी शब्द त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपले शब्द केले होते. ज्या नाण्यावर ठसा एका बाजूला सरकून अर्धचंद्राएवढी जागा कोरी राहिली, ते ‘घसरलेलं’. ठशातल्या भेगेमुळे ज्याच्यावर बारीक उंचवट्याची रेघ उठली, ते ‘तडकलेलं’. सालाखाली टांकसाळीची खूण, म्हणजे ठिपका, चांदणी किंवा चौकट नसेल तर ते ‘मुकं’. आणि क्रमांकात चांदणी असलेली, म्हणजे छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी छापलेली, कोरी नोट आली की त्या दिवशी ते घरात शीळ घालत शिरायचे. एका शंभर पानी वहीत त्यांनी प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला होता आणि शेजारी आपला शब्द लिहिला होता.

माय हसायची. “दुनिया चांगले पैसे जमवते, अन् हे बिघडलेले जमवतात,” म्हणायची. पण किन्हीराजा गावाहून तिचे भाऊ आले की डबा तीच काढून दाखवायची.

बाबा गेले त्यानंतर काही वर्षांनी रस्ता रुंद झाला आणि माझी घड्याळदुरुस्तीची टपरी उठली. बसस्टँडजवळ गाळा मिळत होता. डिपॉझिटला पैसे कमी पडत होते. विकायचं मायच म्हणाली. “त्यायनं तरी कोणासाठी जमवले होते?” असं म्हणून तिनं डबा माझ्यासमोर ठेवला. मोबाइलवर नाणी जमवणाऱ्यांचा एक गट होता, तिथून वाशिमच्या एका व्यापाऱ्याचा नंबर मिळाला. तो दुसऱ्याच रविवारी सकाळी मोटरसायकलवर आला.

पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे, खिशात छोटं भिंग. खाटेवर मखमलीचा तुकडा अंथरून तो एकेक कागद उलगडू लागला. उलगडताना पुटपुटत होता. हे फाइन. हे व्हेरी फाइन. हे एक्स्ट्रा फाइन झालं असतं, पण. मला वाटलं फाइन म्हणजे उत्तम, तसं विचारलंही. तो म्हणाला, नाही, फाइन म्हणजे बरंच झिजलेलं. मग घसरलेलं दोन रुपयांचं नाणं त्यानं उजेडात धरलं, बराच वेळ धरलं, आणि मायला विचारलं.

“काकू, हे घासलेत का कोणी?”

“दसऱ्याले देवाचे भांडे घासतो, तवा याच्यातले चार तांब्याचे पैसे घासले होते,” माय म्हणाली. “पूजेत ठेवाले.”

“चिंचेनं?”

“हाव. चिंच अन् राख.”

त्यानं नाणं मखमलीवर ठेवून दिलं. “मंग तेच म्हणतो मी. हे सारेच घासलेले आहेत. पाहा किती चमकते. इतकं जुनं नाणं असं चमकते काय? याले क्लीन्ड म्हणतात, काकू. क्लीन्ड नाण्याले बाजारात कोणी विचारत नाही.”

“हे तं मी नाई घासले, भाऊ,” माय म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “नाई घासले ना रे?”

“आठवत नसंल तुमाले,” तो म्हणाला. “जसेच्या तसे राह्यले असते ना काकू, तं लाखाचा माल होता हा.”

त्यानं चार हजार दिले. सगळ्या डब्याचे, नोटांसकट. माझ्या शर्टाच्या खिशात डोळ्याला लावायचं माझं भिंग होतं. घड्याळाच्या केसला बफ मारून चमक आणली की धातूवर कशा रेघा उठतात हे मी वीस वर्षं रोज पाहत होतो. ते भिंग काढून एक नाणं पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी काढलं नाही. तो इंग्रजी शब्द असे सहज टाकत होता की मला माझं भिंग बाहेर काढायची लाज वाटली. वही त्यानं चाळून परत दिली. “याचं काही येत नाही,” म्हणाला.

उरलेले पैसे मी उसने घेतले आणि गाळा झाला. पण घरात एक गोष्ट बिघडली ती बिघडलीच. मायनं देवाची भांडी घासणं सोडलं. दसऱ्याला समई बाहेर काढली की ती उठून परसात जायची. माझी बायको घासायची, तर माय तिला म्हणायची, “जपून वं, कशाची काय किंमत असते कोणाले ठाऊक.” घरी कोणी आलं की पाच मिनिटांत विषय तिथेच. “मी लाखाचं पाणी केलं. त्यायनं जल्मभर जमवलं अन् मी चिंचेनं घासलं.” आधी नातेवाईक हळहळायचे, मग हसायला लागले. एका पितृपक्षात गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवून ती हात जोडून उभी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेलो तेव्हा ऐकलं. “चुकलं माह्यं,” म्हणत होती. “मले आठवतबी नाई कवा घासले, पण चुकलं.”

सहा वर्षं हे चाललं.

मग एका दुपारी अनसिंगचे एक निवृत्त गुरुजी चावीचं घड्याळ घेऊन दुकानात आले. मी भिंग डोळ्याला लावून काम करत होतो. ते काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, तुमचं भिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. याच्यातून जरा हे पाहू द्या.” त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेलं एक नाणं काढलं.

दोन रुपयांचं नाणं होतं. डाव्या बाजूला अर्धचंद्राएवढी कोरी जागा, आणि नाण्यावरच्या भारताच्या नकाशाच्या पोटातून गेलेली केसाएवढी रेघ.

मी ते भिंगाखाली घेतलं. दिव्याखाली थोडं कलवलं तशी त्यावरची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरली. ओरखडा एक नाही. नाणं घासलं की हे फिरणं मरतं. सगळीकडून सारखी, सपाट चमक येते आणि भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेघा दिसतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“याला ऑफ-सेंटर म्हणतात,” गुरुजी कौतुकानं सांगू लागले. “अनसर्क्युलेटेड. म्हणजे एकदाही वापरात न आलेलं. वर मूळ लस्टर, टांकसाळीतली चमक, जशीच्या तशी. साडेसहा हजार मोजले मी.”

“कोणाकडून घेतलं?”

त्यांनी वाशिमच्या त्याच व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. “माणूस माहितीचा आहे. म्हणाला, बँकेतल्या एका रोखपालाच्या घरचं आहे, थैलीतून थेट डब्यात गेलेलं. कोणाचा हातसुद्धा लागला नाही म्हणाला.”

मी गुरुजींना दुकानात बसवून घरी गेलो आणि वही घेऊन आलो. पान काढून नाण्याशेजारी ठेवलं. कोरा अर्धचंद्र तोच, रेघ तीच, आणि बाबांच्या अक्षरात दोन शब्द: घसरलेलं, तडकलेलं. गुरुजींनी आधी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. मायचंही सांगितलं.

पैशाचा राग मला फारसा आला नाही. स्वस्तात घेणं हा व्यापार आहे, आणि भिंग खिशात ठेवून बसलो तो माझा गाढवपणा. पण भाव पाडायला ‘क्लीन्ड’ एवढा एक शब्द पुरे होता. चार हजारांना आम्ही तेवढ्यावरच राजी झालो असतो. लाखाचा माल होता हे म्हातारीला ऐकवायची त्याला काही गरज नव्हती. ते वाक्य त्यानं फुकट टाकलं होतं, आणि माझी माय ते सहा वर्षं उरावर वागवत होती.

मी मायला लगेच सांगितलं नाही. हे तिनं माझ्या नाही, त्याच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

पुढचे दोन महिने मी दर रविवारी अनसिंगला गेलो. गुरुजींनी आपले अल्बम माझ्यासमोर उघडले आणि मला शब्द शिकवले. नाणं किती झिजलं त्याची नावं, आणि एका नावावरून दुसऱ्यावर गेलं की किंमत कशी तिप्पट होते ते. नोटेला घडी आहे का, पिनेचं भोक आहे का, धुऊन इस्त्री केली आहे का. मी शब्द पाठ करत होतो आणि भिंग चालवत होतो. तिसऱ्या रविवारी गुरुजींचा एक राणीछाप रुपया हातात आला. त्याच व्यापाऱ्यानं अनसर्क्युलेटेड म्हणून विकलेला. भिंगाखाली त्यावर नांगरलेल्या शेताच्या तासांसारख्या रेघाच रेघा होत्या, आणि त्या लपवायला वरून धूर देऊन काळपटपणा आणला होता.

“गुरुजी, हे घासलेलं आहे.”

गुरुजींनी माझं भिंग घेऊन रुपया स्वतः पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे घेताना न घासलेलं घासलेलं होतं, आणि विकताना घासलेलं न घासलेलं.”

“हाव.”

“पुढच्या महिन्यात वाशिमला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा आहे,” ते म्हणाले. “तो टेबल लावतो.”

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. गुरुजींनी आयोजकांना सांगून ठेवलं होतं की मालेगावचे एक घड्याळवाले नाणी फुकट तपासून देतील. मी टेबललॅम्प, भिंग आणि वही घेऊन सकाळीच पोहोचलो आणि खुर्ची बरोबर त्याच्या टेबलाशेजारी टाकली. त्यानं मला ओळखलं नाही. हसून म्हणाला, “या या, चांगलं झालं, लोकायचा विश्वास वाढते.”

पहिलं नाणं गुरुजींनी दिलं, राणीछाप. मी ते दिव्याखाली फिरवलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, “घासलेलं. एका दिशेच्या रेघा. वरून धूर दिलेला. अनसर्क्युलेटेड म्हणून घेतलं असेल तर फसलात.” कोणाकडून घेतलं हे गुरुजींनी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं.

मग लोक येऊ लागले. जे चांगलं होतं त्याला मी चांगलंच म्हटलं. त्याच्याकडची काही नाणी अस्सल निघाली, तीही मी अस्सल म्हणून परत दिली. एक शब्द खोटा बोललो नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. दर खेपेला ‘घासलेलं’ म्हणताना मी नाणं देणाऱ्याकडे बघत नव्हतो, व्यापाऱ्याकडे बघत होतो. दुपारपर्यंत त्याच्या टेबलापुढे पैसे परत मागणाऱ्यांची गर्दी झाली. त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. मला भूक लागली नव्हती, तहान लागली नव्हती. इतका आनंद मला त्याआधी कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे मी लपवत नाही.

एक सायकल दुरुस्तीवाले चाचा आले. कागदाच्या पुडीतून एक रुपयाचं नाणं काढलं. “भाई, जरा पाहा. बाजूच्या टेबलवाल्याकडून घेतलं, बेटीच्या पैदाइशीच्या सालचं आहे. तिच्या शादीत देणार आहे.”

मी चाचांकडे न बघता म्हणालो, “घासलेलं. क्लीन्ड.”

“मी तर नाही घासलं, भाई,” ते म्हणाले. “खुदा कसम, मी हातसुद्धा नाही लावला.”

मी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मायचा चेहरा होता. आपलंच काही चुकलं असेल का, असं आठवून पाहणारा. आणि मी तो शब्द खाटेवर बसलेल्या त्या माणसासारखाच टाकला होता. मी उठलो, नाणं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, “चाचा, तुम्ही नाही घासलं. ज्यानं विकलं त्यानं घासलं.” आणि शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

त्यावर व्यापारी उठून माझ्यापुढे आला. “काय बिघडवलं मी तुमचं?”

मी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. पेन्सिलीचा ठसा पाहताच त्याला समजलं. मग हळूच म्हणाला, “मालेगाव. तुमी ते... हे पाहा, मिटवून टाकू. दहा हजार देतो. आत्ता.”

“माह्या मायले घरी येऊन सांग,” मी म्हणालो. “आज. आत्ता. तिनं घासले नव्हते म्हणून. मग मी हा दिवा बंद करतो.”

तो माझ्यामागोमाग मोटरसायकलवर आला. माय ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. त्यानं चपला काढल्या आणि खाली बसला. मी उभाच राहिलो.

“काकू, ते नाणे... तुमी घासले नव्हते.”

“काय म्हणते?” मायनं मला विचारलं. तिला कमी ऐकू येतं.

“मोठ्यानं सांग,” मी त्याला म्हणालो.

“तुमी नाणे घासले नव्हते, काकू! कोरेच होते!” शेजारच्या ओट्यावरच्या बाया उठून आमच्या फाटकाशी आल्या.

मायनं सूप खाली ठेवलं. तिनं त्याला ओळखायला वेळ घेतला. मग म्हणाली, “मंग तवा काहून म्हणला?”

“भाव पाडाले. धंद्यात बोलाव लागते.”

“भाव पाडाचा होता तं पाडाचा. लाखाचा माल होता, हे कायले बोल्ला?”

तो खाली बघत बसला. त्याला ते वाक्य आठवत तरी होतं का, याची मला शंका आहे.

माय उठली. गुडघ्यावर हात ठेवत आत गेली आणि दोन खेपांत देवघरातलं सगळं बाहेर आणलं. समई, ताम्हण, कलश, घंटा. श्रावणानंतर कोणी घासलं नव्हतं, काळं पडलं होतं. तिसऱ्या खेपेला चिंचेचा गोळा आणि राखेची वाटी. सगळं त्याच्यापुढे मांडलं.

“घास.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

तो घासायला लागला. चिंचेचं पाणी बाह्यांवरून कोपरापर्यंत गेलं, पांढऱ्या शर्टावर तपकिरी ओघळ उठले. माय समोर पाटावर बसली होती. “इथं राह्यलं,” म्हणायची. “खालून घास. घंटीच्या अंदरून कोण घासन?” बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पाऊण तास लागला. सगळं धुऊन, पुसून ओळीनं ठेवल्यावर मायनं एकेक भांडं उचलून पाहिलं.

“जाय आता,” ती म्हणाली.

आमच्याकडे दारात आलेला कोणी चहाशिवाय जात नाही. त्या माणसाला मायनं पाणीसुद्धा विचारलं नाही. तो चपला घालत असताना म्हणाला, “काकू, माफ करा.” तिनं सूप मांडीवर घेतलं आणि तूर निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत चिंचेचा वास आला म्हणून गेलो, तर माय समई घासत बसली होती. “अवं, कालच तर घासली,” मी म्हणालो. “त्याच्या हातची देवापुढं नाई ठेवत मी,” ती म्हणाली आणि घासत राहिली.

मायपुरतं तिथे संपलं. नाण्यांबद्दल ती पुन्हा कोणाजवळ बोलली नाही. माझं संपलं नाही. पुढच्या मेळाव्याला मी पुन्हा दिवा घेऊन गेलो आणि पुन्हा त्याच्याशेजारी बसलो. तो म्हणाला, “तुमी शब्द देला होता.”

“दिवा बंद करतो म्हणलो होतो. केला होता. आज पुन्हा लावला.”

गुरुजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. आता पुरे, म्हणाले, तुमच्या आईनं सोडलं, तुम्हीही सोडा. मी ऐकलं नाही. त्यानंतर गुरुजी माझ्या दुकानात येत नाहीत. घड्याळ वाशिमलाच कुठेतरी देतात. मला त्याचं वाईट वाटतं. सायकलवाल्या चाचांकडेही मी एकदा गेलो होतो. त्यांना पैसे परत मिळाले होते, व्यापाऱ्यानं नाणं परत मागितलंही नव्हतं, तरी पुडीतलं ते नाणं त्यांनी कोणाला देऊन टाकलं होतं, आणि त्यांनी माझ्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलणं काढलं नाही.

व्यापारी वाशिमच्या मेळाव्याला यायचा बंद झाला. दुसऱ्या जिल्ह्यात टेबल लावतो असं कळलं, तर मी बसनं तिथेही गेलो. माझा चेहरा दिसला की तो अर्धा माल मांडतच नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“दीड वर्षं झालं, भाऊ. पोटावर पाय देऊन राह्यले तुमी. कवा सोडता?”

“माह्यी माय सहा वर्षं चुकलं म्हणत होती,” मी म्हणालो. “तुह्ये साडेचार बाकी आहेत.”